रांगोळी झाडून टाकली त्या दिवशी

वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

या खेपेला परदेशात संसार मांडलेल्यांची आणि त्यांच्या इथल्या आईबापांची पत्रं बरीच आली. त्यातली तीन निवडली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय. उरलेल्या दोघांनी रागावू नये.

प्रिय काकू, स. न. वि. वि.

मी मूळची नाशिकची, इंदिरानगरची. आठ वर्षं शाळेत गणित शिकवत होते. नवऱ्याला जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी लागली. तो फेब्रुवारीत पुढे आला, मी आणि मुलं ऑगस्टमध्ये. मुलगा साडेसात वर्षांचा, मुलगी तीनची. घर मिळालं, पण स्वयंपाकघर म्हणजे नुसती भिंत, नळाची जोडणी आणि एक प्लग. ओटा, सिंक, शेगडी, सगळं भाडेकरूने विकत आणून बसवायचं. पाच आठवडे मी जमिनीवर इलेक्ट्रिक शेगडी मांडून चौघांचा स्वयंपाक केला आणि भांडी बाथरूममध्ये घासली. मुलगा सप्टेंबरपासून शाळेत जातो, पण वर्गात एक शब्द बोलत नाही. घरी आला की दप्तर फेकतो. मुलीला बालवाडीत जागा नाही, प्रतीक्षायादीत नाव आहे. दुपारी साडेचारला अंधार पडतो. नवरा म्हणतो, ‘नकारात्मक बोलू नकोस, मुलांवर परिणाम होतो.’ सासूबाईंचा रोज फोन येतो. मी ‘मस्त चाललंय’ म्हणते, फोन ठेवते आणि नळ सोडून रडते. एका व्हिडिओत सांगितलं तशी कृतज्ञतेची वही केली, रोज पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या. अकराव्या दिवशी चौथ्या गोष्टीपाशी अडले ती अडलेच. काकू, तुम्ही त्याच गावात राहून आलात असं तुमच्या लिखाणात वाचलं होतं. सकारात्मक राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? की सरळ परत यावं?

— वृ., श्टुटगार्ट

अगं वृ.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि तू जे जे केलंस त्याखाली रेघ मारली. दोन लहान मुलांना घेऊन एकटीने विमानप्रवास. ओट्याशिवाय पाच आठवडे स्वयंपाक. परक्या भाषेत शाळाप्रवेश. बालवाडीच्या यादीत नाव. आणि या सगळ्यानंतर तू मला विचारतेस की मी सकारात्मक कशी होऊ! बाई गं, तुला झोप हवी आहे, आणि खरं बोलायला कोणीतरी हवं आहे.

एक आधीच सांगते. रोपटं दुसऱ्या मातीत लावलं की आधी कोमेजतं, मग फुटतं, हे उदाहरण मी देणार नाही. माझे वडील निफाड तालुक्यातले द्राक्षबागाईतदार. असलं उदाहरण देणाऱ्यांवर ते वैतागायचे. म्हणायचे, ‘रोपाला शाळा बदलावी लागत नाही, आणि त्याला सासूचा फोनही येत नाही.’

आम्ही १९९६ साली गेलो. यांची नोकरी सातपूरला होती, तिथून श्टुटगार्टला बदली मिळाली. मुलगी नऊची, मुलगा चारचा. तेव्हा नाशिकला फोन लावायचा तो रविवारी, दहा मिनिटं, एक डोळा घड्याळावर ठेवून, कारण मार्क, म्हणजे तेव्हाचे जर्मन पैसे, उडायचे. त्या दहा मिनिटांत मीही तेच म्हणायचे, ‘मजेत आहोत.’ महागड्या फोनवर रडगाणं कशाला? तीन महिने असेच गेले. एका रविवारी वडील फोनवर आले. त्यांना ‘कशी आहेस’ वगैरे विचारायची सवयच नव्हती. त्यांनी विचारलं, ‘आज काय खाल्लंस?’ आणि मला उत्तर देता येईना. सकाळपासून मी काहीच खाल्लं नव्हतं. आधी घशात आवंढा, मग हुंदके. वडील गप्प. मग म्हणाले, ‘रड. पैसे तुझ्या नवऱ्याचे जातायत.’ रडता रडता हसू आलं मला.

त्या दिवसापासून मी फोनवर ‘कसं चाललंय’ याचं उत्तर द्यायचं बंद केलं. त्याऐवजी काय घडलं ते सांगायला लागले. ‘आज दुकानात कोथिंबीर समजून पार्स्ली आणली, आमटीत घातली, कोणी खाल्ली नाही.’ ‘आज बसमध्ये एका म्हातारीने मुलाची टोपी नीट केली आणि मलाच रागावली.’ यात रडगाणं नाही आणि खोटंही नाही. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं, कारण त्याला मनासमोर काहीतरी दिसतं. तू सासूबाईंबरोबर एकदा करून बघ. ‘मस्त’ हा शब्द महिनाभर वापरायचा नाही, एवढंच पथ्य. त्यांना सांग, ‘आई, पाच आठवडे ओटा नव्हता, मी खाली बसून पोळ्या लाटल्या.’ इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये आज ओट्याशी उभ्या असल्या तरी त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ बायका चुलीपुढे बसून शिकल्या आहेत. त्यांच्याकडे या विषयावर बोलण्यासारखं भरपूर निघेल, बघ.

आता तुझी ती वही. कृतज्ञता चांगली गोष्ट आहे, पण दमलेल्या माणसाला रोज पाच गोष्टींचा गृहपाठ म्हणजे शिक्षाच. मी वेगळं केलं होतं, आणि तेही ठरवून नाही. नाशिकहून जाताना कालनिर्णय नेलं होतं. एकादशी, चतुर्थी बघायला. पहिल्या महिन्यात एक दिवस मी एकटीने टपाल कार्यालयात जाऊन पार्सल सोडवून आणलं. कोणी सोबत नाही, शब्दकोश पिशवीत. घरी आल्यावर त्या तारखेच्या चौकोनात लिहिलं, ‘पोस्ट. एकटी.’ मग सवयच लागली. ‘दंतवैद्याला फोन केला.’ ‘शेजारणीला हो/नाही सोडून तिसरा शब्द बोलले.’ ‘कचरा बरोबर डब्यात.’ तिथला कचरा म्हणजे परीक्षाच, तुला ठाऊकच आहे. कागद वेगळा, ओला वेगळा, काच रंगांप्रमाणे वेगळी. काही दिवस चौकोन रिकामे गेले. त्यांच्याकडे मी बघितलं नाही. वर्षाअखेरीस पानं उलटली तेव्हा मला माझं वर्ष दिसलं. त्यात आनंदी दिवस किती ते मोजता आलं नसतं, पण काय काय जमायला लागलं ते मोजता आलं. ते कालनिर्णय अजून माझ्या कपाटात आहे. रद्दीवाल्याला दोनदा नाही म्हटलंय.

आणि आता रांगोळीची गोष्ट, कारण तू राहतेस तोच हा मुलूख. तुमच्या इमारतीत केरवोखेची पाटी अजून दारावर टांगतात का? त्या भागातली ही जुनी चाल. जिना, दारापुढची पायवाट झाडण्या-पुसण्याची पाळी दर आठवड्याला एका बिऱ्हाडाकडे. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला पाटी येते. शब्दाच्या सुरुवातीलाच आपला ‘केर’ आहे, मला तेव्हा फार गंमत वाटली होती. पण पहिल्यांदा पाटी माझ्या दाराला आली तेव्हा गंमत कुठली? मला वाटलं, आपण घाण करतो म्हणून तक्रार टांगली आहे. मी ती पाटी काढून कपाटात ठेवली. चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या आजीबाई स्वतः झाडू घेऊन वर आल्या आणि पायरी कशी झाडायची ते मला करून दाखवलं. मी एम.ए. झालेली बाई, मला झाडू धरायला शिकवतात! संध्याकाळी यांच्यावर सगळा राग काढला.

मग दिवाळी आली. मी दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, छोटी रांगोळी काढली. ठिपके, कमळ, दोन पावलं. शेजारी एक पणती. तासाभराने दार उघडलं तर फरशी लख्ख. त्या आठवड्यात पाळी खालच्या आजीबाईंची होती. जिन्यावर पांढरी भुकटी सांडलेली दिसली, त्यांनी इमानेइतबारे झाडली, पुसली. पणती उचलून कडेला ठेवली होती, तेवढी दया. मी दारातच बसून रडले. दोन तास. मुलगी शाळेतून आली, तिने विचारलं आणि ऐकून घेतलं. सहा महिन्यांत तिला माझ्यापेक्षा बरं जर्मन येऊ लागलं होतं. ती खाली गेली आणि त्या बाईंना काय सांगितलं कोण जाणे. आजीबाई वर आल्या, चेहरा पडलेला, हातात सफरचंदाचा केक. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, ‘ती तुमची पावडर या वर्षी कधी?’ तारीख सांगितली. त्या आठवड्यात पाळी त्यांची नव्हती, तरी ज्याची होती त्याला त्यांनी जाऊन बजावलं, की अमुक पायरी झाडायची नाही.

पहिल्या दिवाळीला मला कोणी ‘सकारात्मक राहा’ म्हटलं असतं, तर मी तो झाडू त्याच्यावर उगारला असता. मला दोन तास रडायचंच होतं. रडले म्हणूनच मुलगी खाली गेली ना! मी डोळे पुसून ‘मस्त’ म्हटलं असतं, तर तिला कळलंच नसतं की आईला काही हवं आहे. मुलांपुढे कायम हसरा चेहरा ठेवायला हवा, हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. मुलांना दिसतंच. आई रडते, मग उठते, चहा करते, हेही त्यांना दिसू दे.

मुलाचं. वर्गात न बोलणं हे काळजीचं वाटतं, पण नव्या भाषेत पडलेल्या पुष्कळ मुलांचं पहिले काही महिने असंच होतं. ती ऐकत असतात, साठवत असतात. माझा धाकटा बालवाडीत चार महिने मुका होता. मग एक दिवस पूर्ण वाक्य बोलला, आणि ते होतं, ‘ही खुर्ची माझी आहे.’ तेव्हा त्याच्या बाईंना विचार की खेळताना, चित्र काढताना, पटांगणात तो कसा असतो. शिक्षिका असल्यामुळे तुला हे विचारता येईल. तिथेही काही चुकतंय असं वाटलं, किंवा वर्ष संपत आलं तरी गप्पच राहिला, तर मग डॉक्टरांशी बोल. घरी मराठीच. त्याला जर्मन लवकर यावं म्हणून तू तुझं मोडकं जर्मन त्याच्याशी बोलू नकोस. ते त्याला शाळेतून तुझ्याहून चांगलं मिळणार आहे. तुझ्याकडून मात्र त्याला धड भाषा मिळाली पाहिजे, रागावायची, लाडाची, अंगाईची.

दप्तर फेकतो तर फेकू दे. दिवसभर न कळणाऱ्या भाषेत बसून येतो तो. शाळा सुटल्यावर पहिला अर्धा तास त्याला काही विचारू नकोस. खायला दे. आणि डब्यात पोळीभाजीचा हट्ट धरू नकोस. चार दिवस ब्रेड-चीज-काकडी दे, शुक्रवारी त्यालाच विचार. वीस मित्र होणार नाहीत, एक पुरे. शनिवारी दुपारी वर्गातल्या एका मुलाला खेळायला बोलाव. तिथे आधी वेळ ठरवून बोलवावं लागतं, आपल्यासारखं ‘ये रे कधीही’ चालत नाही. भजी कर. भज्यांपुढे कुठल्याही देशाचं पोर गप्प बसत नाही.

अंधाराचं काय सांगू? नाशिकला डिसेंबरात सहा वाजेपर्यंत उजेड असतो. तिथे साडेचारला दिवस मिटतो, आणि सकाळी आठलाही नीट उजाडलेलं नसतं. याला इलाज मनाचा नाही, पायांचा आहे. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मुलीला घेऊन रोज बाहेर पड. ऊन असो नसो, पाऊस असला तर रेनकोट घालून. ढगातून येणारा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. व्हिटॅमिन डीचं डॉक्टरांना विचार. आणि सकाळी खिडक्या सताड उघडून घर दहा मिनिटं वाऱ्यावर टाकायची तिथली रीत आपणही पाळावी. भिंतीला बुरशी धरत नाही आणि आदल्या रात्रीच्या फोडणीचा वास शेजाऱ्यांच्या नाकात बसत नाही.

तुझ्या स्वतःच्या कामाचं पत्रात तू लिहिलंच नाहीस, पण ‘आठ वर्षं गणित शिकवत होते’ हे वाक्य तू पहिल्या तीन वाक्यांतच घातलंस. खरं दुखणं तिथे आहे, माझा तर्क. तुझा नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर असेल, तर तुला नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून आहे. पण तिथल्या सरकारी शाळेत शिकवायचं तर पदवीला मान्यता लागते आणि जर्मन पक्कं लागतं. हा काही वर्षांचा रस्ता आहे. पहिल्या वर्षी तो डोंगर बघूच नकोस. गावोगावी फोल्क्सहोखशूले असते, लोकांसाठीचे स्वस्त वर्ग. तिथे भाषेच्या पहिल्या पायरीला नाव घाल, आठवड्यातून दोन संध्याकाळी. त्या दोन संध्याकाळी मुलं नवऱ्याने सांभाळायची, यावर तडजोड नाही. त्या वर्गात मला एक तुर्की बाई भेटली. तिच्यामुळे कळलं की तुर्की दुकानात भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या मिळतात. आणि क्वार्क नावाचं दही रात्रभर फडक्यात टांगलं, की चक्का होतो. माझं पहिलं श्रीखंड त्या वर्गामुळे झालं.

आता दोन ओळी जावईबापूंना. तुम्ही वाईट माणूस नाही, पण तुम्हाला तिथे पहिल्याच दिवशी नावाची पाटी, टेबल, जेवायला कॅन्टीन आणि ‘कसं वाटतंय’ विचारणारे सहकारी मिळाले. तिला भिंत आणि प्लग मिळाला. ‘नकारात्मक बोलू नकोस’ म्हणताना तुम्ही तिचं बोलणंच बंद करताय, आणि त्या घरात मोठ्या माणसाशी बोलायला तिला तुमच्याशिवाय कोणी नाही. रोज रात्री मुलं झोपल्यावर वीस मिनिटं तिचं ऐका. उपाय सुचवू नका. आमचे हे इंजिनिअर, त्यांना हे जमायला दोन वर्षं लागली. तुम्ही लवकर शिका.

वृ., झोप लागत नाही, जेवण जात नाही, काहीच करावंसं वाटत नाही असं दोन-तीन आठवडे सलग चाललं असेल, तर हा लेख बाजूला ठेव आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरची वेळ घे. त्यांना सरळ सांग. जगणं नको असे विचार येत असतील, तर थांबू नकोस, त्याच दिवशी नवऱ्याला सांग, ११२ ला फोन कर. ०८०० १११०१११ हा तिथला मोफत मदतक्रमांक दिवसरात्र चालू असतो.

परत यायचं का? हा प्रश्न जानेवारीत सोडवू नकोस. जुलैत सोडव, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो तेव्हा. तरी यावंसं वाटलं तर या. आम्ही २००३ साली आलो, सासऱ्यांच्या आजारपणासाठी, आणि गंगापूर रोडवर दोन वर्षं जो तो विचारायचा, ‘का आलात?’ मी काय घडलं ते सांगायचे. मधल्या काळात, मार्चमध्ये तिथल्या दुकानात द्राक्षांच्या डब्यावरची चिठ्ठी वाच. भारत लिहिलेलं असेल, तर बहुधा ती आपल्याच जिल्ह्यातली. एक डबा घे, मुलांना सांग की हे निफाडकडचे पाहुणे आहेत. महाग असतात. तरी घे.

सौ. काकूंस नमस्कार,

मी नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त. मुलगी, जावई आणि सहा वर्षांचा नातू टोरंटोला दोन वर्षांपूर्वी गेले. आम्ही रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल लावतो. नातू ‘हाय आजोबा’ म्हणून पळून जातो. मुलगी हसते, पण डोळ्यांत थकवा दिसतो. विचारलं तर ‘काही नाही हो बाबा’. आमची ही त्यामुळे रात्रभर जागी. इथे बसून आम्ही त्यांना धीर कसा द्यावा?

— एक आजोबा, नाशिकरोड

आजोबा, नमस्कार.

आधी घड्याळ बघू. हिवाळ्यात टोरंटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे त्यांचे सकाळचे साडेआठ. ऐन शाळेच्या घाईत, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मोजा घेऊन मुलगी तुमच्याशी हसते आहे. तिच्या डोळ्यांत दिसतो तो थकवा निम्मा तिथला. आणि नातू पळतो तो तुमच्यापासून नाही हो, बूट शोधायला. कॉल शनिवारी-रविवारी संध्याकाळी साडेसातला लावा. तिथे सुट्टीची सकाळ, नऊ वाजलेले, पोरगं अंथरुणात लोळत असेल. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा तुमचे साडेसहा.

नातवाला ‘जेवलास का, अभ्यास केलास का, मराठीत बोल बघू’ हे तीन प्रश्न विचारू नका. त्या वयात मीही पळाले असते. त्याला गोष्ट सांगा, आणि अर्ध्यावर थांबा. रहाडीची सांगा ना! जुन्या नाशकात चौकात, रस्त्याच्या खाली, रंगाचा हौद पुरलेला आहे. वर्षभर त्यावरून माणसं, रिक्षा, म्हशी जातात आणि कोणाला पत्ता नसतो. रंगपंचमीला तो उकरतात, रंगाने भरतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आणि मोठी मोठी माणसं त्यात धप्पा मारतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माती, पुन्हा रस्ता. ‘आमच्या चौकाखाली काय आहे ते पुढच्या शनिवारी सांगतो’ म्हणा आणि फोन ठेवा. पुढच्या शनिवारी तो बूट शोधायला जाणार नाही.

मुलीचं म्हणाल, तर तुम्ही तिला तुमचं खरं सांगता का? तुमच्या गुडघ्याचं, वहिनींच्या रक्तदाबाचं? तुम्ही ‘आमची काळजी करू नकोस’ म्हणता, ती ‘काही नाही हो बाबा’ म्हणते. हे ती तुमच्याकडूनच शिकली. आधी तुम्ही बोला. वहिनींची झोप महिनाभर अशीच उडालेली असेल, तर १४४१६ वर फोन करायला सांगा. टेलिमानसची सरकारी सेवा आहे, मोफत, मराठीतून बोलतात.

जाऊन येणं जमत असेल तर जा. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडिलांना एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, वैद्यकीय विमा मात्र काढावा लागतो. पण माझं ऐका, पहिल्यांदा मे ते ऑगस्ट एवढंच जा. जानेवारीच्या बर्फात दोन म्हातारी माणसं घरात बसली, की मुलीला चार माणसं सांभाळावी लागतील. आणि वहिनींना सांगा, तिथल्या स्वयंपाकघरातले डबे हलवायचे नाहीत. याचं कारण मी लिहीत नाही, त्यांना कळेल.

इथल्या संध्याकाळी सातला आता काय करायचं, असं वाटेल. सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात जा, मासिकं चाळा. नाहीतर दोघं नुसते फिरून या.

काकू,

आम्ही पुढच्या महिन्यात दोन वर्षांच्या मुलीसह जर्मनीला चाललोय. आई रोज एक वस्तू बॅगेत घालते, मी रात्री काढते. नेमकं काय न्यावं?

— प्रा., पंचवटी

प्रा.,

आईला घालू दे. तो तिचा निरोप देण्याचा प्रकार आहे. आदल्या रात्री काढ, आणि एक वस्तू तिच्यासाठी म्हणून राहू दे, कितीही निरुपयोगी असली तरी. माझ्या आईने मला पाटा द्यायचा हट्ट धरला होता. शेवटी खलबत्त्यावर सुटले.

मुलीच्या लसीकरणाचं कार्ड आणि जन्मदाखला हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत अजिबात नको. तिथे बालवाडीत गोवराची लस झाल्याचा पुरावा मागतात, २०२० पासून तसा कायदाच आहे. त्यामुळे कार्डावर दोन्ही डोस नीट नोंदवून घ्या. दात आणि चष्मे दोघांनी इथेच उरकून घ्या. कुकरच्या दोन जादा रिंगा आणि शिट्टी. मिक्सर न्या, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, फक्त पिन बदलायचा जोड लागतो. कॅनडात जाणार असतात तर नको म्हटलं असतं, तिथे १२० व्होल्ट. गोडा मसाला, मेतकूट, चिवडा चालेल.

तूप, पेढे, खवा नको. दुधाचे पदार्थ युरोपात बरोबर नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. आणि आईला सांग, तुपासाठी जीव टाकू नकोस. तिथलं बिनमिठाचं लोणी मंद आचेवर कढवलं की रवाळ तूप होतं. कढताना खिडकी मात्र उघडी ठेव. माझ्या पहिल्या तुपाला धुराचा अलार्म वाजला आणि चारही मजले जिन्यात उभे राहिले, रात्रीच्या कपड्यांत.